विचारा ताईला : "मी ठीक आहे" म्हणत लॉगिन करणाऱ्या मैत्रिणींची पत्रं

गेल्या अंकात नाईट शिफ्ट आणि झोप यावर एका मैत्रिणीच्या पत्राला उत्तर दिलं होतं, आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त आयटीतल्या बायकांची आहेत, डेव्हलपर, टेस्टर, सपोर्टवाल्या, आणि काही त्यांच्या घरच्यांची. मी स्वतः बारा वर्षं टेस्टिंगमध्ये काढली आणि मग समुपदेशन शिकले, त्यामुळे ही पत्रं वाचताना रिलीजच्या रात्री कँटीनमध्ये गार झालेला चहासुद्धा आठवतो. म्हणून यावेळचं सगळं सदर याच पत्रांसाठी. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई, मी हिंजवडीला बॅकएंडला आहे, नऊ वर्षं झाली. मुलगी आठ महिन्यांची आहे. रजा संपवून जॉइन झाले तेव्हा माझं मोड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं आणि मला सपोर्ट रोटेशनमध्ये टाकलं, म्हणजे दर तिसऱ्या आठवड्याला रात्री फोन वाजला की उठायचं, बाळ उठतं ते वेगळंच. क्लायंटचा साडेसातचा कॉल नोव्हेंबरपासून साडेआठचा झालाय, नेमकी तिची झोपायची वेळ, मी म्यूटवर ठेवून तिला पाजते. महिनाभर असं होतंय की ऑफिसला पोचले की पार्किंगमध्ये दहा मिनिटं रडते आणि मग वर जाते. कोडची तीच ओळ चार चार वेळा वाचते. परवा वाटलं की मी नसते तर हिला कुणीतरी जास्त चांगलं सांभाळलं असतं. कंपनीत काउन्सेलिंगची सोय आहे पण एचआरला कळेल आणि मार्चमध्ये अप्रेझल आहे. नवरा चांगला आहे, मदत करतो. मग मलाच का जमत नाहीये? — आर., वाकड

आर., तुझ्या पत्रातलं शेवटून चौथं-पाचवं वाक्य आधी घेते. "मी नसते तर" हा विचार जर परत आला, किंवा स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर अप्रेझल, एचआर, लोक काय म्हणतील सगळं बाजूला ठेव आणि त्याच क्षणी नवऱ्याला सांग, एकटी राहू नकोस, आणि १४४१६ ला फोन लाव. ही टेली मानस, सरकारची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फार वाईट वाटत असेल तर सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, छातीत दुखलं तर जातो ना तसंच.

आता "मलाच का जमत नाहीये" याचं. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या महिन्यातच येतं असा एक समज आहे, तसं काही नाही, पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं, आणि बऱ्याचदा नेमकं कामावर परत आल्यावर ते उघडं पडतं कारण तोवर झोपेचं कर्ज चांगलंच साठलेलं असतं. एडिंबरा स्केल नावाची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, १९८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी बनवलेली, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते, पाच मिनिटांत होते. तुझ्या गायनॅकला सांग की मला ती भरायचीये. ती म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर बोलायला सुरुवात कुठून करू हा प्रश्न तरी सुटतो. आणि त्याच दिवशी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, कारण डिलिव्हरीनंतरच्या वर्षात थायरॉईड बिघडू शकतं आणि त्याची लक्षणं, थकवा, विसरभोळेपणा, रडू येणं, अगदी अशीच दिसतात. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुचवली तर घाबरू नकोस, पाजते आहेस हे आधीच सांग, अंगावर पाजतानाही देता येतील अशी औषधं आहेत, ते त्यांना माहीत असतं. तुझ्या मनाने सुरू करू नकोस आणि तुझ्या मनाने बंदही करू नकोस.

एचआरचं. कंपन्यांची काउन्सेलिंगची सोय बहुतेक ठिकाणी बाहेरच्या एजन्सीकडे असते, आणि कंपनीला साधारणपणे एकूण किती जणांनी वापरली एवढा आकडा जातो, नावं जात नाहीत. तरी तुझ्या इथे काय आहे हे पहिल्या फोनमध्येच त्यांना विचार, "कंपनीला माझ्याबद्दल काय काय कळतं?", हा प्रश्न विचारायला लाजायचं काही कारण नाही. विश्वास बसत नसेल तर सोडून दे ते, बाहेरचा डॉक्टर गाठ. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्याच्या कलम २३ प्रमाणे उपचार करणाऱ्यांनी तुझी माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, त्याला ठरावीक अपवाद आहेत, जसं कुणाच्या जिवाला धोका असेल तर, पण मॅनेजरची उत्सुकता त्यात कुठेच बसत नाही. त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये असंही आहे की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. फक्त ओपीडीची फी बऱ्याच पॉलिसींमध्ये मुळातच नसते, शारीरिक आजाराचीही नसते, तेव्हा तुमच्या ग्रुप पॉलिसीचा पीडीएफ एकदा उघडून बघ.

पण आर., नुसतं काउन्सेलिंग घेऊन भागणार नाही असं मला वाटतं, आणि हे मी खूप विचार करून लिहितीये. तुझ्या दिवसात आधीच जागा नाही, त्यात आणखी एक अपॉइंटमेंट, एक मेडिटेशनचं ॲप आणि एक डायरी घुसवली तर तू त्यातही नापास झाल्यासारखं समजशील. तुझ्या अंगावरचं काहीतरी आधी उतरलं पाहिजे. माझ्या मते पहिली उतरायला हवी ती रात्रीची सपोर्ट ड्युटी. डॉक्टरांना भेटलीस की त्यांच्याकडून लिहून घे, सर्टिफिकेटवर आजाराचं नाव न घालता फक्त वैद्यकीय कारण लिहिता येईल का ते विचार, आणि मॅनेजरला मेल कर. मेल, तोंडी नाही. मी माझ्या वेळी एका मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सगळं रडत रडत सांगितलं होतं आणि दोन महिन्यांनी रेटिंगच्या वेळी त्याला मी काय मागितलं होतं ते आठवत नव्हतं, आठवत होतं ते फक्त माझं रडणं. तर मेल असा, की माझी वैद्यकीय ट्रीटमेंट सुरू आहे, डॉक्टरांनी रात्रीची झोप मोडू नये असं सांगितलंय, पुढचे तीन महिने मला ऑन-कॉलमधून बाहेर ठेवावं, दिवसाचं काम मी पूर्ण घेईन, अमुक तारखेला आपण परत बघू. यात माफी नाही, कारणांचा पाढा नाही, आणि शेवटाला तारीख आहे, मॅनेजर लोकांना तारीख लागते.

कॉलचंही तसंच. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात म्हणून आपला साडेसातचा कॉल साडेआठला जातो, त्यांची सकाळ तेवढीच राहते आणि आपली संध्याकाळ जाते, आणि इतकी वर्षं सगळ्यांनी हे पाऊस पडावा तसं धरून ठेवलंय. पण कॉलची वेळ माणसानेच ठरवलेली असते. आठवड्यातले दोन दिवस तरी तू लेखी अपडेट पाठवायचा आणि कॉलला टीममधलं दुसरं कुणी, असं मागून बघ, मी हे झालेलं पाहिलंय.

आणि नवरा "मदत करतो" म्हणालीस. मदत आणि जबाबदारी यात फरक आहे गं. डायपर संपत आलेत हे कुणाच्या लक्षात असतं, डोसची तारीख कुणाच्या फोनमध्ये आहे, हे बघ. त्याच्याकडे एखादी गोष्ट अख्खी दे, उदाहरणार्थ रात्री दोनपर्यंत बाळ त्याचं. उठायचं त्याने, पाजायचं दूध आधी काढून ठेवलेलं, आणि तू दुसऱ्या खोलीत. सलग पाच तास झोप मिळाली तर अर्धं डोकं जाग्यावर येईल, उरलेल्या अर्ध्यासाठी डॉक्टर आहेत. पाळणाघराचंही विचार कंपनीत, २०१७ च्या मातृत्व रजेच्या दुरुस्तीत सव्वीस आठवड्यांबरोबर पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाण्याची मुभाही आली होती, आणि रजेबद्दल सगळ्यांना माहीत असतं पण पाळणाघराचं कुणी विचारतच नाही.

पंधरा दिवसांनी मला परत लिही. नक्की लिही.

ताई, मी नाशिकहून वर्क फ्रॉम होम करते. सासूबाई म्हणतात घरीच तर असतेस. कॉलवर असताना कुकरच्या शिट्ट्या मोजते. हे मानसिक आरोग्यात बसतं का? — एस.

बसतं. सरकारने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली, त्यात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि करणारे पुरुष ८८ मिनिटं. तुझी नऊ तासांची नोकरी या २८९ च्या वर. सासूबाईंना दोष देत बसू नकोस, त्यांना स्क्रीनवरचं काम दिसत नाही, लॅपटॉपसमोर बसलेली बाई त्यांना बसलेलीच दिसते. एक दिवस त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसव, क्लायंट कॉल ऐकू दे. माझ्या ओळखीत एका घरी एवढ्यानेच फरक पडला, कारण सासूबाईंनी पहिल्यांदाच सुनेला कुणीतरी वरच्या आवाजात बोलताना ऐकलं आणि त्या संध्याकाळी पोळ्या त्यांनी केल्या. आणि दार असलेली खोली माग, अकरा ते एक दार बंद. त्या वेळेत कुकर ज्याला भूक लागेल त्याचा.

ताई, मी लातूर जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी मिडीयम. कॅम्पसमधून सिलेक्ट झाले, चार महिने बेंचवर होते, आता प्रोजेक्ट मिळालाय. टीममध्ये अकरा जण त्यात मी एकटी मुलगी. स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, माझा नंबर जवळ आला की तोंड कोरडं पडतं, हात गार होतात. वाटतं मला चुकून घेतलंय आणि एक दिवस सगळ्यांना कळेल. रात्री दोनपर्यंत रील्स बघत पडते, झोप येत नाही. घरी सांगितलं तर पप्पा म्हणतील परत ये. — पी., बाणेर

पी., "मला चुकून घेतलंय" याला एक नाव आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी चांगल्या शिकलेल्या, कर्तबगार बायकांशी बोलून त्यावर लेख लिहिला होता आणि त्याला इम्पोस्टर फिनॉमिनन म्हटलं होतं, आता लोक सिंड्रोम म्हणतात. म्हणजे पन्नास वर्षं होत आली, तिकडच्या इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या बायकांनाही हेच वाटत होतं, त्यामुळे हे लातूरमुळे नाही आणि मराठी मिडीयममुळे तर मुळीच नाही.

पण सगळं तुझ्या डोक्यातच आहे असं सांगून मी तुला परत पाठवणार नाही. अकरा जणांत एकटी असणं हे खरोखर जड असतं, तू चुकलीस तर "ती मुलगी चुकली" होतं आणि शेजारचा चुकला तर बग होतो. म्हणून आधी ही एकटेपणाची गोष्ट कमी करू. तुझ्या मजल्यावर, दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये, तुझ्याहून तीन-चार वर्षं सीनियर एखादी असेलच, तिला चहाला विचार. "ताई पाच मिनिटं" म्हटलं की आपल्याकडच्या बायका नाही म्हणत नाहीत. तिला कोडबद्दल नको विचारूस, तिला विचार की तिचा पहिला स्टँडअप कसा गेला होता.

स्टँडअपसाठी रात्रीच तीन ओळी लिहून ठेव, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. वाच त्या, सरळ बघून वाच, कुणी काही म्हणत नाही, मी नऊ वर्षं वाचून बोलले. इंग्रजी अडलं तर अडू दे, "अडलंय" हे सांगणं जास्त महत्त्वाचं, कारण न सांगता तीन दिवस अडून बसलं की मग खरोखर अडचण होते आणि तेव्हा ती शंका, की मला काही येत नाही, तिला पुरावा मिळतो. आणि रिव्ह्यूमधले, म्हणजे दुसऱ्याने आपला कोड तपासताना लिहिलेले, शेरे कोडवर असतात हे आपल्याला कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही, मला वाटायचं माझ्यावर आहेत.

झोपेचं मात्र मनावर घे. फोन पीजीच्या खोलीत दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव, अंथरुणातून हात पोचला नाही पाहिजे, आणि जाग आली तर पडून राहा. दोन आठवडे रोज, दिवसातला बराच वेळ उदास वाटत राहिलं, जेवण जाईना, आवडीचंही नकोसं झालं, तर तो नुसता नवीन नोकरीचा ताण नाही, मग वर दिलेला १४४१६ तुझ्यासाठीही आहे. पप्पांना सगळं सांगावंसं नाही वाटलं तर आईला सांग. आई काय म्हणेल ते तुला माहीत आहे असं तुला वाटतंय, पण विचारलेलं नाहीयेस अजून.

मॅडम, मी मगरपट्ट्यात टीम लीड आहे. टीममधली एक सहकारी पूर्वी खूप बोलायची, आता कॅमेरा बंद, मेलला एका शब्दात उत्तर, गेल्या महिन्यात दोन डेडलाइन चुकल्या. मी पुरुष, विचारलं तर पर्सनल वाटेल, नाही विचारलं तर पीआयपीवर, म्हणजे "काम सुधार नाहीतर नोकरी जाईल" अशा नोटिशीवर, जाईल. काय करू? — के.

के., तुम्ही लिहिलंत याचंच मला बरं वाटलं. विचारा. मीटिंग रूममध्ये, सगळ्यांसमोर नाही, आणि जे दिसलं तेवढंच बोला, "दोन डेडलाइन गेल्या, तुझं असं होत नाही, कामाचं काही जास्त झालंय का, मी काय काढून घेऊ?" घरी काही झालंय का, तब्येत काय, हे खोदू नका. तिला सांगायचं असेल तर सांगेल, आणि सांगितलं तर ते तुमच्यापाशीच राहू द्या, एचआरशी बोलायचं तर आधी तिला विचारून.

"मी काय काढून घेऊ" हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. कंपन्या मानसिक आरोग्यासाठी जेवणाच्या सुट्टीत वेबिनार ठेवतात, मग ती पोरगी डबा खाताना श्वासाचे व्यायाम बघते आणि काम रात्री अकराला संपवते. तुमच्या हातात वेबिनार नाही पण स्प्रिंट, म्हणजे टीमच्या कामाची वाटणी, आहे. तिच्या नावावरची तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, मोजा. शिवाय जी तिकिटांत दिसत नाहीत ती कामंही मोजा, मिनिट्स कोण लिहितं, नवीन पोरांना कोण शिकवतं, फेअरवेलचा केक कोण आणतं, दिवाळीची रांगोळी कोण काढतं. माझ्या बारा वर्षांत मिनिट्स नेहमी बाईनेच लिहिल्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. तुमच्या टीमचे तास खरे किती भरतात, टाइमशीटवर आठ लिहिलेले सोडून, ते एकदा लिहून काढा.

एक चूक मात्र करू नका, चांगल्या मनाने होते ती. तिला न विचारता सोपं काम देऊन टाकणं. तिला ते शिक्षेसारखं वाटेल आणि पुढच्या प्रमोशनला ते तिच्या विरोधात जाईल. काय सोडायचं ते तिने ठरवावं. आणि बोलताना जर कळलं की टीममधलाच कुणी तिला त्रास देतोय, अंगचटीला येतो, रात्री मेसेज करतो, तर हा कामाच्या ताणाचा विषय राहत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. "जाऊ दे, तो तसाच आहे" हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये.

ताई, माझी मुलगी २९ वर्षांची, बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये. तीन महिन्यांपूर्वी नोकरी गेली, लगेच दुसरी लागली, पण गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली की ती सायकॅट्रिस्टकडे जाते आणि गोळ्या घेते. मी रात्रभर झोपले नाही. सवय लागेल का? स्थळं बघायला सुरुवात केलीये, त्यांना काय सांगायचं? हे म्हणतात तिला गोळ्या बंद करून घरी बोलव. — एक आई, मिरज

ताई, तुमच्या मुलीने तुम्हाला सांगितलं. इतकी पत्रं वाचते मी, त्यात आईला न सांगणाऱ्याच जास्त असतात. ती तुम्हाला सांगू शकली म्हणजे तुम्ही तिला तसं वाढवलंय.

गोळ्या बंद करायला सांगू नका, यजमानांनाही हे ठामपणे सांगा. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर काही महिने चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. एकदम तोडल्या तर चक्कर, घाबरं होणं, चिडचिड असा त्रास होतो आणि मूळचा आजार उलटू शकतो. बीपीची गोळी कुणी सोड म्हणालं तर आपण ऐकत नाही ना. घरी बोलवायचंच असेल तर सुट्टीला बोलवा, नोकरी सोडून नको, नोकरी गेल्याचा धक्का तिने एकदा सोसलाय.

स्थळांचं सध्या थांबवा. कायमचं नाही हो, सध्या. ती बरी होतेय आणि त्यात दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नटून बसायचं म्हणजे आणखी एक इंटरव्ह्यू. पुढे सांगायचं की नाही, कुणाला, कधी, हे ती ठरवेल, तिच्या आजाराची गोष्ट तिची आहे. आणि माझं स्पष्ट मत, लग्नाआधी ज्या मुलाशी हे बोलता येत नाही त्याच्याशी लग्न झाल्यावर तर अजिबातच येणार नाही.

तुम्ही तिच्याकडे जा. राणी चन्नम्मा मिरजेवरून रात्रभरात बेंगळुरूला नेते. आठ दिवस राहा. तिला बोलतं करायला जाऊ नका, "काय टेन्शन आहे तुला, सगळं तर आहे" हे तर ओठावर आलं तरी गिळा. तिची भांडी घासा, फ्रिज बघा, दोन वेळचं गरम जेवण करा, संध्याकाळी लॅपटॉप मिटला की दोघी खाली चक्कर मारून या. ती गप्प राहिली तर तुम्हीही गप्प चाला. जाताना भडंग न्या, ते तिकडे मिळत नाही, आणि गोळीची वेळ झाली की काही न बोलता पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवा.